सुपरकंडक्टिंग क्युबिटने बारीकसारीक कंपनं कशी पकडायची

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्हाला जे कंपन पकडायचंय त्याची फ्रिक्वेन्सी किती आहे. कारण चिप कुठली, कपलिंग (जोडणी) कसलं, कुठला क्युबिट (कंपन मोजणारं सुपरकंडक्टिंग सर्किट), फ्रिज पुरेल की नाही, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं, आणि बरेच जण नेमकं उलट करतात, हाताशी एक चांगला ट्रान्समॉन (क्युबिटचा एक प्रकार) असतो म्हणून त्याला काहीतरी थरथरणारं चिकटवायला निघतात आणि मग सहा महिन्यांनी डोकं धरून बसतात.

आकडे बघा. कुठल्याही कंपनाची एनर्जी सुट्ट्या पाकिटांत येते, एका पाकिटाला फोनॉन म्हणतात, आणि पाकीट केवढं ते फ्रिक्वेन्सीवर. १ गिगाहर्ट्झचा फोनॉन तापमानात मोजला तर साधारण ४८ मिलिकेल्विन भरतो. डायल्युशन फ्रिज (अशा प्रयोगांचा अतिथंड फ्रिज) १० मिलिकेल्विनच्या आसपास जातो, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झच्या मोडमध्ये, म्हणजे कंपनाच्या एका ठरावीक प्रकारात, उष्णतेने आलेला फोनॉन जवळपास नसतोच, मोड नुसता थंड करूनच ग्राउंड स्टेटला, म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीच्या अवस्थेत, जाऊन बसतो. तेच १० मेगाहर्ट्झवर वाजणारा छोटा ड्रम घेतला तर त्याच फ्रिजमध्ये सरासरी २० फोनॉन कायम धिंगाणा घालत असतात. आणि हालचाल म्हणाल तर अशा ड्रमचं वजन ५० पिकोग्रॅम धरलं तर ग्राउंड स्टेटमधली त्याची थरथर सुमारे ४ फेम्टोमीटर येते, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या अडीचपट वगैरे. एवढं बारीक मोजायचंय.

हे क्युबिटनेच का मोजायचं, साधा मायक्रोवेव्ह रेझोनेटर आणि चांगला अ‍ॅम्प्लिफायर का नको? तर तो रस्ताही आहे आणि चांगला चालतो, पण त्यात तुम्हाला कंपनाची उंची मिळते, पाकिटांची मोजदाद मिळत नाही. साध्या रेझोनेटरच्या सगळ्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे पहिली आणि दुसरी पायरी वेगळी करताच येत नाही. क्युबिट म्हणजे जोसेफसन जंक्शन (दोन सुपरकंडक्टर, मध्ये पातळ ऑक्साइड) लावलेलं सुपरकंडक्टिंग सर्किट, त्याच्या पायऱ्या असमान, ट्रान्समॉनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या उंचीत २०० मेगाहर्ट्झच्या घरात फरक असतो, म्हणून त्याला 'एकच पाकीट घे' असं सांगता येतं आणि तो घेतो किंवा घेत नाही. उत्तर हो किंवा नाही. ही सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

२०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या क्लेलंड आणि मार्टिनिस यांच्या ग्रुपने हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं, ६ गिगाहर्ट्झच्या आसपास जाडीच्या दिशेने आकुंचन-प्रसरण पावणारा अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा रेझोनेटर, शेजारी फेज क्युबिट (क्युबिटचा एक जुना प्रकार), तापमान २५ मिलिकेल्विन. फोनॉन जेमतेम ६ नॅनोसेकंद जगत होता पण ग्राउंड स्टेट दिसली आणि एक फोनॉन टाकून परत काढता आला. त्यानंतर २०१७ मध्ये येलच्या ग्रुपने नीलमच्या तुकड्यावर ट्रान्समॉन आणि वर अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडची छोटी चकती असं केलं, तिथे फोनॉन १७ मायक्रोसेकंद टिकला. नवख्याने हाच दुसरा रस्ता धरावा असं माझं मत, कारण त्यात लटकणारे, तुटणारे नाजूक पूल वगैरे भानगड नाही, अख्ख्या सबस्ट्रेटची (चिप ज्यावर बनते त्या तुकड्याची) जाडी हाच रेझोनेटर. याला एचबार म्हणतात. फोनॉनिक क्रिस्टलमध्ये (कंपन अडवून धरणाऱ्या नक्षीदार जाळीत) फोनॉन जास्त टिकवता येतो, सिलिकॉनमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या फोनॉनला सेकंदाच्या वर जगवून दाखवलंय कॅलटेकवाल्यांनी, पण त्यात क्युबिट नव्हता, लेझरने मोजलं होतं. क्युबिट जोडायचा म्हटला की पायझो मटेरियल येतं आणि पायझो आलं की लॉस येतो.

म्हणजे आता कपलिंगचं बघू, कारण खरी मेख इथेच आहे. पायझोइलेक्ट्रिक पदार्थ दाबला की व्होल्टेज येतो आणि व्होल्टेज दिला की तो हलतो, त्यामुळे क्युबिटचं इलेक्ट्रिक फील्ड त्यातून गेलं की क्युबिट आणि कंपन एकमेकांशी बोलायला लागतात. जोडणीची ताकद 'जी' (g) या अक्षराने लिहितात. नवीन माणूस हमखास म्हणतो की जी जेवढा जास्त तेवढं चांगलं, मग लिथियम नायोबेट घे, चकती मोठी कर. तसं नाही. पायझो जेवढं जास्त फील्ड पितं तेवढा क्युबिट सगळ्या दिशांना आवाज सोडायला लागतो, तुम्हाला हव्या त्या मोडमध्येच नाही तर सबस्ट्रेटभर, आणि क्युबिटचं आयुष्य खाली येतं. तुमच्या खिशात खर्चायला फक्त एकच गोष्ट आहे, क्युबिटचा कोहेरन्स (तो आपली क्वांटम अवस्था किती वेळ टिकवतो ते), आणि जी वाढवताना तुम्ही तीच खर्च करत असता. हिशोब असा ठेवा की जी दोन्ही लॉस रेटपेक्षा, क्युबिटच्याही आणि फोनॉनच्याही, पाच-दहा पटीने जास्त असावा, त्याच्या पुढे हावरटपणा करू नका.

उदाहरणार्थ येलच्या त्या चिपवर जी २६० किलोहर्ट्झ होता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पूर्ण फोनॉन क्युबिटमधून मोडमध्ये जायला लागणारा वेळ म्हणजे एक भागिले चार जी, म्हणजे ०.९६ मायक्रोसेकंद, आणि क्युबिट ६ मायक्रोसेकंद आणि फोनॉन १७ मायक्रोसेकंद जगत असेल तर एका फेरीत साधारण १० टक्के गळती होते. जाऊन परत यायला २० टक्के. चालतं, सिग्नल स्पष्ट दिसतो. हेच गणित तुमच्या डिझाइनसाठी चिप बनवायच्या आधी कागदावर करा, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात गळती अर्ध्याच्या वर गेली तर ती चिप बनवूच नका.

पायझोचं पाप एका कोपऱ्यात ठेवायची सोय पण आहे, ती म्हणजे फ्लिप चिप. एका तुकड्यावर क्युबिट, दुसऱ्या तुकड्यावर रेझोनेटर, आणि दोन्ही तोंडाला तोंड लावून मध्ये काही मायक्रॉनची फट. क्युबिटवाल्या चिपला पायझोची प्रोसेस बघावीच लागत नाही आणि रेझोनेटरवाल्याला जंक्शनची काळजी नाही, दोन्ही वेगळे तपासता येतात. अलाइनमेंट मात्र नीट झाली पाहिजे, क्युबिटचा अँटेना चकतीच्या बरोबर वर यायला हवा, थोडा सरकला तरी जी घसरतो आणि शेजारचे नको ते मोड जास्त जोरात बोलायला लागतात.

चिप चिकटवताना एक गोष्ट फार लोक विसरतात. एचबारमध्ये लाट सबस्ट्रेटच्या वरच्या पृष्ठभागापासून खालच्या पृष्ठभागापर्यंत जाते येते, म्हणजे खालची बाजू हा रेझोनेटरचा अर्धा भाग आहे. तिथे मध्यभागी वार्निश किंवा ग्रीस लावलंत की लाट सरळ गोंदात जाऊन मरते. चिप कडांवर धरा, मध्ये मोकळी ठेवा, आणि खालची बाजू पॉलिश केलेली आणि स्वच्छ असू द्या. क्युबिटवाले वर्षानुवर्षं चिप खालून चिकटवत आलेत त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो.

जंक्शन बनवायची रीत नेहमीचीच, दोन कोनांतून अ‍ॅल्युमिनियम टाकायचं आणि मध्ये एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड. पण फ्रिजमध्ये घालायच्या आधी प्रोब स्टेशनवर बसून प्रत्येक जंक्शनचा रेझिस्टन्स घ्या, कारण त्या एका आकड्यावरून क्युबिटची फ्रिक्वेन्सी आधीच कळते. ढोबळमानाने नॉर्मल रेझिस्टन्स १० किलोओहम असेल तर जोसेफसन एनर्जी १४ गिगाहर्ट्झच्या आसपास, चार्जिंग एनर्जी २०० मेगाहर्ट्झ ठेवली असेल तर आठ गुणिले चौदा गुणिले शून्य पॉइंट दोन, त्याचं वर्गमूळ, वजा चार्जिंग एनर्जी, येतात साडेचार गिगाहर्ट्झ. तुमचा मोड ६ वर आणि क्युबिट साडेचारवर असेल तर फ्रिज थंड करण्यात अर्थ नाही, नवीन बॅच करा. प्रोबची सुई टेकवायच्या आधी स्वतःला आणि चिपला ग्राउंड करा, सुई टेकवताना इन्स्ट्रुमेंटचं आउटपुट शॉर्ट करून ठेवा, जंक्शनला स्टॅटिकचा एक झटका पुरतो आणि तो झटका तुम्हाला जाणवतही नाही, फक्त रेझिस्टन्स एकदम शंभर ओहम नाहीतर इन्फिनिटी दाखवतो. आणि जंक्शन ठेवल्या ठेवल्या म्हातारी होतात, दिवसांनुसार रेझिस्टन्स थोडा वर सरकतो, म्हणून घेतलेला आकडा ताजा असावा.

फ्रिजमधल्या वायरिंगवर मी फार लिहीत नाही, जे साध्या क्युबिटला लागतं तेच. ड्राइव्ह लाइनवर सिग्नल दाबणारे अटेन्युएटर, ४ केल्विनला २० डीबी, १०० मिलिकेल्विनच्या प्लेटला २० डीबी, सगळ्यात खाली २० डीबी, असे मिळून ६० डीबी. का ते बघा, ५ गिगाहर्ट्झवर रूम टेम्परेचरचा रेझिस्टर साधारण १२५० फोटॉन पाठवत असतो, ६० डीबीने सरासरी एका फोटॉनचा हजारावा भाग उरतो. ते उरलेले फोटॉन क्युबिटला तापवतात आणि तापलेला क्युबिट तुमच्या मोडला तापवतो, हे लक्षात ठेवा कारण पुढे थर्मामीटर लावायचाय. परत येणाऱ्या लाइनवर आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा), ४ केल्विनला हेम्ट अ‍ॅम्प्लिफायर, आणि बजेट असेल तर खाली पॅरामेट्रिक अ‍ॅम्प्लिफायर. चुंबकीय शिल्डिंग, इन्फ्रारेड फिल्टर, स्क्रू नॉन-मॅग्नेटिक. झालं.

थंड झालं की सगळ्यांना घाई असते, लगेच फोनॉन शोधू. पी हळद आणि हो गोरी असं इथे चालत नाही. आधी क्युबिट एकटा नीट ओळखून घ्या, मोडपासून दूर, निदान काही मेगाहर्ट्झ बाजूला ठेवून. रीडआउट रेझोनेटर (ज्यातून क्युबिट वाचतात तो) सापडला, पॉवर वाढवली की तो सरकतो का बघितलं, टू-टोनने (दोन मायक्रोवेव्ह टोन टाकून) क्युबिटची फ्रिक्वेन्सी, मग राबी (पल्सने क्युबिट वर-खाली झुलवणं), मग टी वन (एनर्जी किती वेळ टिकते), रॅमसे आणि एको (फेज किती वेळ टिकतो, म्हणजे टी टू). आणि हे एकदा करून सोडून द्यायचं नाही, रात्रभर लूपवर लावून ठेवा. सकाळी बघाल तर टी वन स्वतःच्या मनाने वर-खाली करतोय, मध्येच तासभर निम्म्यावर आला आणि परत चढला. हे चिपवरच्या ऑक्साइडमधल्या, पृष्ठभागावरच्या दोषांमुळे होतं, त्यांना टू-लेव्हल सिस्टिम म्हणतात, टीएलएस. तुमच्याकडे या चढउताराचा ग्राफ नसेल तर उद्या फोनॉन म्हणून जे दाखवाल ते खरं की क्युबिटचं दुखणं हे तुम्हालाच सांगता येणार नाही. या सगळ्या प्रयोगाचा जीव इथे आहे, क्युबिट हा मोजणारा आहे पण बडबड्याही आहे, आणि बहुतेक 'कंपनं' ही त्याची स्वतःची बडबड निघते.

आता मोड शोधायचा. क्युबिटची फ्रिक्वेन्सी सरकवायला दोन उपाय, एक तर जंक्शनच्या जागी स्क्विड (दोन जंक्शनचा लूप) लावून त्यातून फ्लक्स (लूपमधून जाणारं चुंबकीय फील्ड) बदलायचा, नाहीतर फिक्स फ्रिक्वेन्सीच्या क्युबिटवर बाजूच्या फ्रिक्वेन्सीचा एक जोरदार टोन टाकून एसी स्टार्क शिफ्टने त्याला ढकलायचं. येलवाल्यांनी दुसरा वापरला. फ्लक्सचा फायदा रेंज मोठी, तोटा फ्लक्सचा नॉइज. स्टार्कचा फायदा क्युबिट शांत, तोटा तो टोनच कधीकधी क्युबिटला वर उडवतो, म्हणून टोन लावून आणि न लावता एक्साइटेड पॉप्युलेशन (क्युबिट किती टक्के वेळा वर सापडतो) किती ते तपासा. मग क्युबिटला पाय पल्स (त्याला खालून पूर्ण वर नेणारा पल्स), मग त्याला ठरावीक फ्रिक्वेन्सीवर ठरावीक वेळ ठेवायचं, मग रीडआउट, आणि फ्रिक्वेन्सी आडव्या अक्षावर, वेळ उभ्या अक्षावर असं चित्र काढायचं. जिथे मोड असेल तिथे क्युबिटची एक्साइटेशन जाते-येते-जाते-येते असा बाणाच्या टोकासारखा नक्षीदार पट्टा दिसतो, मधोमध सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात खोल, कडांना भराभर आणि उथळ.

पट्टा दिसला म्हणजे मोड सापडला असं नाही हो. टीएलएस पण हुबेहूब असाच पट्टा देतो. वेगळं कसं करायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे एचबारचे मोड कंगव्याच्या दातांसारखे येतात, दोन दातांमधलं अंतर म्हणजे आवाजाचा वेग भागिले दुप्पट जाडी. नीलममध्ये जाडीच्या दिशेने आवाज साधारण ११,१०० मीटर प्रति सेकंद जातो, सबस्ट्रेट ४२० मायक्रॉनचा असेल तर १३.२ मेगाहर्ट्झ. तर पुढच्या १३.२ वर बघा, मागच्या १३.२ वर बघा, तिथे तसाच पट्टा आहे का. तीन-चार दात सारख्या अंतरावर दिसले की संपला विषय. दुसरं, टीएलएस तासातासाला, दिवसादिवसाला हलतात आणि फ्रिज रूम टेम्परेचरला नेऊन परत थंड केला की त्यांची सगळी रांगोळीच बदलते, कंपनाचा मोड मात्र जिथल्या तिथे राहतो. तिसरी जास्त पक्की खूण म्हणजे मोडमध्ये दोन, तीन, चार पाकिटं बसतात, टीएलएसमध्ये एकच. पण तिथपर्यंत यायला आधी एक फोनॉन नीट टाकता आला पाहिजे.

तो टाकायची रीत अशी, क्युबिटला पाय पल्सने वर न्या, मोडच्या बरोबर फ्रिक्वेन्सीवर आणा, एका स्वॅपपुरता वेळ ठेवा, बाजूला न्या. आता एनर्जी कंपनात आहे, क्युबिट खाली आलाय. थांबा. परत आणा, परत स्वॅप, बाजूला, वाचा. मधला थांबायचा वेळ बदलत गेलात की उतरणारा ग्राफ मिळतो आणि तोच फोनॉनचा टी वन. इथे एक गंमत होते, थांबण्याचा वेळ ठेवूनही ग्राफ शून्यापर्यंत न उतरता वर कुठेतरी अडकतो, तेव्हा लोक म्हणतात फोनॉन फार टिकतोय. बहुतेक वेळा तो नुसता तापलेला क्युबिट असतो.

तापमान मोजायची चांगली पद्धत आहे. क्युबिटच्या ग्राउंडवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या पायरीमधल्या ट्रान्झिशनवर राबी करा, एकदा आधी पाय पल्स देऊन आणि एकदा न देता. न देता जो हलकासा झोल दिसतो तो फक्त आधीपासून वर असलेल्या क्युबिटमुळे, दोन झोलांच्या उंचीच्या गुणोत्तरावरून आधीची पॉप्युलेशन निघते. फ्रिजवर १० मिलिकेल्विन लिहिलं असलं तरी क्युबिट ५० मिलिकेल्विनला असणं अगदी नेहमीचं आहे, ५ गिगाहर्ट्झवर त्याचा अर्थ जवळजवळ एक टक्का वेळ क्युबिट आपोआप वर. आता हेच मोडसाठी करा, क्युबिट मोडशी स्वॅप करा म्हणजे मोडमधलं जे काही असेल ते क्युबिटमध्ये येईल, मग तीच मोजणी. क्युबिट गरम आणि मोड थंड असं बऱ्याचदा निघतं, आणि मग हुशारी अशी की क्युबिटची घाण स्वॅपने मोडमध्ये टाकून द्यायची, क्युबिट थंड झाला की प्रयोग शेजारच्या दुसऱ्या मोडवर करायचा. कंगवा असण्याचा हा फायदा.

आता मूळ काम, बाहेरून आलेलं बारीक कंपन किती आहे ते सांगणं. आधी कॅलिब्रेशन हवं. क्युबिट बाजूला ठेवून मोडच्या फ्रिक्वेन्सीवर एक मंद टोन थोडा वेळ टाका, मोडमध्ये कोहेरन्ट स्टेट तयार होते, म्हणजे ठरावीक सरासरीच्या भोवती शून्य, एक, दोन, तीन फोनॉन पॉयसनच्या हिशोबाने वाटलेले. मग क्युबिट ग्राउंडमध्ये ठेवून मोडवर आणा आणि वेळ बदलत वाचत राहा. फोनॉन एक असेल तर स्वॅप ०.९६ मायक्रोसेकंदात, चार असतील तर ०.४८ मध्ये, कारण वेग फोनॉनच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. मिळालेला वेडावाकडा ग्राफ म्हणजे या सगळ्या वेगांची बेरीज, ती सोडवली की कुठला आकडा किती टक्के ते निघतं. टोनची पॉवर दुप्पट केली की सरासरी फोनॉन दुप्पट व्हायला पाहिजेत, पॉवर विरुद्ध फोनॉन ही सरळ रेषा आली की तुमचं उपकरण तयार. सरळ रेषा वरच्या टोकाला वाकली तर ठीक, खालच्या टोकाला शून्यावर न जाता वरच अडकली तर ते अडकलेलं अंतर म्हणजे तुमचा पार्श्वभूमीचा नॉइज, तो लिहून ठेवा. टीएलएसवाली शंका असेल तर तीही इथे मिटते, वर्गमूळ दोनचा वेग दिसला की समोर खरा ऑसिलेटर आहे.

स्वॅपमध्ये एक उणीव आहे, मोजताना तुम्ही पाकीट काढून घेता. पाकीट जागेवर ठेवून मोजायचं असेल तर डिस्पर्सिव्ह पद्धत. क्युबिट मोडपासून थोडा लांब ठेवायचा, एवढा की एनर्जी अदलाबदल होणार नाही पण एकमेकांची फ्रिक्वेन्सी सरकत राहील. क्युबिटच्या अनहार्मोनिसिटीपेक्षा (पायऱ्यांच्या उंचीतला तो २०० मेगाहर्ट्झचा फरक) ते अंतर बरंच कमी असेल तर दर फोनॉनला क्युबिट दोन गुणिले जी वर्ग भागिले अंतर एवढा सरकतो. जी २६० किलोहर्ट्झ आणि अंतर २ मेगाहर्ट्झ घ्या, उत्तर ६८ किलोहर्ट्झ. क्युबिटचा टी टू १० मायक्रोसेकंद असेल तर त्याच्या रेषेची रुंदी ३२ किलोहर्ट्झ. म्हणजे ६८ ने सरकलेली रेषा मूळ रेषेपासून वेगळी दिसते, आणि क्युबिटच्या स्पेक्ट्रममध्ये एका टोकाऐवजी ओळीने टोकं उभी राहतात, शून्य फोनॉनचं, एकाचं, दोनचं. टी टू ४ मायक्रोसेकंद असता तर रुंदी ८० झाली असती आणि सगळं एकात एक मिसळलं असतं, म्हणून म्हटलं की जी पेक्षा कोहेरन्स सांभाळा. ही टोकं २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रुपने लिथियम नायोबेटच्या फोनॉनिक क्रिस्टलवर दाखवली. झुरिकच्या ईटीएचमधल्या ग्रुपने २०२२ मध्ये याच्या पुढे जाऊन पॅरिटी मोजली, म्हणजे फोनॉन सम आहेत की विषम एवढंच विचारायचं, रॅमसेच्या दोन पल्समध्ये एवढा वेळ ठेवायचा की एका फोनॉनने अर्धा फेरा पडेल, वरच्या आकड्यांत तो ७.४ मायक्रोसेकंद येतो. एक फोनॉन आला की रॅमसेचं उत्तर उलटं. एकेकट्या फोनॉनची चाहूल घ्यायला याच्याइतकं सरळ मला दुसरं काही वाटत नाही.

मोजणीची शिस्त कशी ठेवायची तर प्रत्येक खऱ्या शॉटमागे एक खोटा शॉट, तोच पल्स क्रम, तेच वेळ, फक्त क्युबिट मोडपासून लांब नेलेला. सकाळी खरे आणि दुपारी खोटे असं करू नका, एकाआड एक घ्या, कारण मध्ये टी वन हलतो. १०,००० शॉटमध्ये २ टक्के पॉप्युलेशनची चूक ०.१४ टक्के एवढी येते, शॉटला २०० मायक्रोसेकंद धरले तर ते दोन सेकंदांत होतं, म्हणजे आकडेवारी स्वस्त आहे, महाग आहे ते सरकणं. फ्रिजच्या पल्स ट्यूबचा ठोका साधारण सेकंदाला एकदा-दीडदा पडतो, तो गिगाहर्ट्झच्या मोडला थेट हलवत नाही पण केबल हलवतो, केबल हलली की फेज हलतो, मॅग्नेटच्या फील्डमध्ये चिप हलली की फ्लक्स हलतो. शॉटवर वेळेचे शिक्के मारून डेटा त्या ठोक्याच्या तालावर दुमडून बघा, ताल दिसला तर ते कंपन तुमचं नाही, कॉम्प्रेसरचं आहे. कॉम्प्रेसर काही मिनिटं बंद करून मोजता येतं, फ्रिज तेवढा वेळ तग धरतो, पण आधी फ्रिज सांभाळणाऱ्याला विचारा.

ज्यांचं कंपन मेगाहर्ट्झमध्येच आहे, पडदा, ड्रम, तार, त्यांच्यासाठी वरचं बरंचसं जसंच्या तसं लागू होत नाही कारण क्युबिट ५ गिगाहर्ट्झवर आणि कंपन ५ मेगाहर्ट्झवर, दोघांची गाठच पडत नाही. इथे पायझोऐवजी हलणारा कपॅसिटर वापरतात, एका प्लेटवर डीसी व्होल्टेज दिला की प्लेट हलताना चार्ज हलतो आणि चार्जला नाजूक असलेला क्युबिट ते ऐकतो. २००९ मध्ये कूपर पेअर बॉक्स (चार्जला नाजूक असा जुना क्युबिट) आणि नॅनोतार घेऊन, २०१३ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात ट्रान्समॉन आणि ड्रम घेऊन असे प्रयोग झालेत. अडचण अशी की चार्जला नाजूक क्युबिट आजूबाजूच्या प्रत्येक भटक्या चार्जलाही नाजूक असतो, ट्रान्समॉन २००७ मध्ये मुद्दाम बनवलाच गेला तो चार्जकडे दुर्लक्ष करण्यासाठी. दुसरा मार्ग स्क्विडमधली एक तार मोकळी सोडायची आणि चिपला चुंबकीय फील्डमध्ये ठेवायचं, तार हलली की लूपचं क्षेत्रफळ बदलतं, फ्लक्स बदलतो, क्युबिट सरकतो. बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या ग्रुपने २०२१ मध्ये ट्रान्समॉनबरोबर हे केलंय. फील्ड वाढवलं की कपलिंग वाढतं पण अ‍ॅल्युमिनियम किती फील्ड सोसतं याला मर्यादा आहे, म्हणून फील्ड चिपच्या पातळीतच ठेवतात.

तिसरा आणि मला सगळ्यात आवडलेला मार्ग म्हणजे क्युबिटलाच खाली आणायचं. फ्लक्सोनियम नावाचा क्युबिट जड करून, म्हणजे मोठा कपॅसिटर आणि भलामोठा इंडक्टन्स लावून, अर्ध्या फ्लक्सवर ठेवला की त्याची फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये येते. पॅरिसच्या एका ग्रुपने २०२४ मध्ये १.८ मेगाहर्ट्झच्या फ्लक्सोनियमवर पेपर छापला. एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीवर १० मिलिकेल्विनचा फ्रिज म्हणजे भट्टीच, क्युबिट वर की खाली हे नाणेफेकीसारखं अर्धं-अर्धं असतं, म्हणून प्रत्येक मोजणीआधी वरच्या पायऱ्या वापरून साइडबँड कूलिंग करून त्याला खाली आणावं लागतं. त्यांनी तो ९७.७ टक्के वेळा ग्राउंडमध्ये आणला, तापमानात म्हणाल तर २३ मायक्रोकेल्विन. तुम्ही हा रस्ता घेणार असाल तर मेकॅनिकल पडदा लगेच जोडू नका, आधी त्याच्या जागी एक नुसता इलेक्ट्रोड ठेवून त्यावर ठरावीक मेगाहर्ट्झचा बारीक व्होल्टेज टाका आणि क्युबिट किती छोटा चार्ज ऐकू शकतो ते काढा. तो आकडा पडद्याच्या झीरो पॉइंट (ग्राउंड स्टेटमधल्या) थरथरीने येणाऱ्या चार्जपेक्षा लहान आला तरच पडद्याच्या फॅब्रिकेशनला हात घाला.